उभ्याला वेग विचारू नये

तार्तू. साडेतीनलाच अंधार.
मारिकाच्या टेबलाखाली चार यंत्रं, चार तऱ्हा.
लिनक्स फाइल उघडून दाखवतं,
दर खेपेला आकडा निराळा.
फ्रीबीएसडीला नेमकं नाव घेऊनच विचारावं लागतं.
सोलारिस सांगतं जन्मावेळी कोरलेला वेग,
म्हाताऱ्याने पलटणीतली उंची सांगावी तसा.
नवा मॅक तर
शून्यसुद्धा म्हणत नाही.

मग ती कुणालाच विचारत नाही.
एक रिकामा फेरा लिहिते,
सेकंदभर गरगरू देते, ठोके मोजते.
पण मोजू लागताच
पेंगणारं यंत्र दचकून उठतं, पळत सुटतं.
आकडा खरा,
पण तो तिच्या चाहुलीचा.

बाप, युलो, बर्फावरचं स्केटिंग शिकवायचा,
चाळीस हिवाळे गळ्यात स्टॉपवॉच.
म्हणायचा, उभ्याला वेग विचारू नये.

आत्ता खिडकीतून दिसतोय:
नदीकाठाने, पावाची पिशवी घेऊन,
काठीने बर्फ चाचपत, थांबत.
वर बघतो. उजेडात ती.
लगेच ताठ होतो,
काठी जेमतेम टेकवत
भराभर पावलं टाकू लागतो.

मारिका दिवा मालवते.