पावती क्रमांक १०००००३

सव्वादोनला नळेगाव रोडच्या काट्यावर
तुरीचा ट्रक चढला
आणि मशीननं पावती सोडली : दहा लाख तीन.

मिलचं गेट सहाला उघडतं.
इस्माईल केबिनमध्येच आडवा झाला,
मी पावतीच्या पाठीवर भाग लावत बसलो.
तीननं एक उरला.
सातनं चार. अकरानं चार. तेरानं चार.
सदतीसनंही चारच,
जणू चौघांचं आधीच ठरलेलं.

हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट.
एवढ्या तपासल्या की पुरे, देशमाने सर म्हणायचे,
फळ्याकडं तोंड करून.

पाचशे तेवीसला चहा गार झाला.
आठशे एकोणतीसला हातचा चुकला, मागं फिरलो.
नऊशे सत्त्याण्णव. शेवटची.
बाकी बारा.

"काय लिहूलालाव रातभर?"
इस्माईल डोळे चोळत खाली उतरला.
"माझ्याकडं काही बाकी निघाली का?"
तुझी नाही, म्हटलं.
हिची निघते. ज्याच्या त्याच्याकडं.

त्यानं पावती उलटून पाहिली,
आकडेमोड आत घेऊन घडी घातली,
वरच्या खिशात.

उदगीर अजून उजाडलं नव्हतं.
मागं सोयाबीनची गाडी लागलेली.
दहा लाख चार :
दोननंच तुटली.