सोळा तासांचा दिवस

फैजपूरला बाहेर सेहेचाळीस.
कपाशी रचायच्या जुन्या खोलीत
चावदस स्टुलावर, दातांत स्क्रू,
साखळीनं ट्यूबा टांगतोय.
रोपांपासून वीतभर. नाही,
चार बोटं अजून वर.

पंखा उलटा बसला होता.
मी दाराशी उदबत्ती धरली,
आत जायचा तो धूर
माझ्याच तोंडावर आला.
"वाऱ्याले बी वाट दाखवा लागते,"
म्हणाला, आणि पाना मागितला.

टायमर लावला: सोळा तास दिवस,
आठ तास रात्र.
नुकती बाटलीतून काढलेली केळी,
नखाएवढ्या पानांची,
सूर्य म्हणजे काय ते ठाऊक नसलेली.

तीनला लाइट गेली.
पाती मोजता येतील इतकी मंदावली.
अंधारात चावदस
ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
ट्रेवर वारा घालत बसला,
न बोलता.
टायमर तीनवरच.