पाव इंच सोडून

गांधीबागेत चालली म्हणते? थांब, अश्लेषा.
यादी दाखव आधी.
फिरत्या पात्याचा कटर, हिरवी मॅट, आखाचा खडू,
कापड दाबाले वजनं, टाचण्यांचं चुंबक,
अन् आरपार दिसणारी पट्टी. साडेसहाशे!
एवढ्यात माह्या लग्नाचा शालू आला होता.
बरं, शालू नाही. पण परकर-पोलक्यासकट
सगळं बाकीचं.

बस. कूलर बंद कर, तुकडे उडून राहिले.

खडू हा घे.
पांढरा साबण नखासारखा पातळ झाला
की घरचे मोरीत फेकतात.
मी दोन दिवस गच्चीवर वाळवते,
ब्लेडनं धार काढते.
काळ्या पॉपलिनवर पाय कशी रेघ उठते ते.
पाण्यात टाकली की गेली,
वास तेवढा राहते.

चुंबक फुटक्या स्पीकरमधलं.
जावेच्या पोराच्या वरातीत फाटला तो
तांडापेठच्या वळणावर, ऐन नाचात.
टाचण्या सांडल्या की फरशीवरून फिरव,
अजून नाचतच येतात.

वजनं दुकानातली.
काटा इलेक्ट्रॉनिक झाला, हे बेकार बसले होते.
पन्नासचं जे आहे ना, ते खोटं आहे,
सासऱ्यानं खालून कोरलं होतं.
कापडाले काही समजत नाही.

गोल पाहिजे तर वाटी. मोठा गोल, पोळपाट.
चंद्रकोर पाहिजे असंन तर एकच वाटी
दोनदा ठेव, जराशी सरकवून.
नाडी ओवाले सायकलचा स्पोक, टोक वळवलेला.
अन् बोटाले टोपण
खोकल्याच्या औषधाचं,
पत्र्याचं, दातेरी. सुई घसरत नाही त्याच्यावरून.
लय होती अशी टोपणं घरात
तेव्हा.

ते काळं?
ती फिल्म आहे. मेडिकलमधली.
ओली झाली तरी फुगत नाही, साध्या कात्रीनं कटते,
आरपार दिसते म्हणून छापाचं फूल
बरोब्बर मधात धरता येते.
तुह्या साडेसहाशेच्या पट्टीचं काम
हा शंकरपाळा करते.

खिडकीशी नको धरू म्हणणारच होती मी.

हो. बरगड्या.
हे मधातलं धुकं म्हणजे कापूस आहे.
कार्डिंग खात्यात सव्वीस वर्षं.
डॉक्टर विचारे, बिडी पिता का?
हे म्हणत, नाही जी.
तो पुन्हा विचारे.
घरी आले की भुवयांवर पांढरं बसलेलं,
मी पदरानं झटकून देत होती,
जे दिसे तेवढं.

कोपऱ्यात नाव होतं,
कात्री त्याच्यातून गेली, मले ध्यानातच नाही आलं.
वय राहिलं. एक्कावन्न.

तीन फिल्मा होत्या.
एकीचे षटकोन झाले, एकीचे हे शंकरपाळे.
अकरा गोधड्या निघाल्या याच्यावरून.
एक पुण्याले गेली, एक नातू रोज ओली करते,
एक कामठीच्या बाईनं नेली
अन् पैसे अजून दिले नाही.
तिसरी फिल्म मोठी आहे, अख्खी,
कपाटात साड्यांच्या खाली.
तिची चांदणी निघंन मोठी.
पाहू.

चल, धर. साबण आडवा.
डाव्या हातानं दाब, श्वास घे,
हलू देऊ नको.
अन् अगदी कडेवरून कापू नको, पोरी,
पाव इंच सोडून काप.
शिलाईच्या आत जे दबते,
त्याच्यावरच सगळं टिकते.
पुढं वाकळ उसवली तर
जोडाले तेवढंच हाती लागते.

यादी कुठं फेकून राहिली?
आण इकडं.
मागून कोरी आहे.
कागदाचाही साचा होते.