एकास दोनशे

घोडपदेवला, लोखंडाच्या वखारीमागे,
आमच्या कारखान्यात भविष्य
एकास दोनशे या मापात मिळतं.
ऑर्डर दिल्यापासून एकवीस दिवस.
समुद्र हवा असेल तर सव्वीस,
रेझिन वाळायला वेळ घेतं.

गुरुनाथ मेस्त्री, म्हणजे आमचे काका,
तेहेतीस वर्षं इथे मुंबई करतायत. पुढची.
एक पूल त्यांनी पूल व्हायच्या नऊ वर्षं आधी बांधला,
मग तो मोडून
त्याच्याच ॲक्रिलिकचे बसस्टॉप केले
दुसऱ्या एका भविष्यासाठी,
जे आलंच नाही.

न आलेली सगळी माळ्यावर आहेत.
शिवडीच्या चिखलात उतरणारी विमानं.
मिठीतल्या होड्या, आणि मिठीचं पाणी निळं
(काकांनी दोनदा विचारलं होतं, नक्की निळं?).
सन दोन हजार वीसच्या गच्चीवर
नखाएवढी उडती मोटार,
आत टोपीवाला ड्रायव्हर.
मोटार उडेल इथवर साहेबांना सुचलं होतं,
ड्रायव्हर नसेल हे नव्हतं.

माणसं पाकिटातून येतात, शंभराचं एक पाकीट,
उंची साडेआठ मिलिमीटर.
बॅगवाला, कुत्रा फिरवणारी बाई,
हात वर करून कुणाला तरी हाक मारणारा मुलगा.
म्हातारं पाकिटात येत नाही. डोक्यावर पाटी घेतलेलं येत नाही.
भविष्यात कुणी खाली टेकत नाही
असं दिसतंय.

काका मात्र प्रत्येक टॉवरला, मागच्या अंगाला,
सतराव्या मजल्याच्या बाल्कनीत
शिवणाचा धागा बांधायचे, चिमट्याने, श्वास धरून,
आणि त्यावर पतंगाच्या कागदाचे तीन तुकडे:
पायजमा, परकर, टॉवेल.
कपाडियांचा माणूस माल उचलायला आला
की आधी ती दोरी उपटायचा.
"मेस्त्री, इथे ड्रायर असणार."
"असू दे की. ऊनपण असणारच ना?"
पुढच्या मॉडेलात पुन्हा दोरी.

दिवाळीनंतर प्रिंटर आला.
तो मी चालवते. रात्रभर चालतो,
पहिल्या रात्री काका स्टूल घेऊन शेजारी बसले,
"काय गो चेडवा, ह्येका झोप येता काय नाय?"
आता साहेब लोक चित्रंही काढून घेत नाहीत.
टाइप करायचं: मुंबई, सन दोन हजार सत्तर.
चार सेकंदांत चार मुंबया.
चारही संध्याकाळच्या, काचेच्या, नुकत्याच धुतलेल्या,
मजल्यामजल्यावर रान, आणि रानात एक कावळा नाही.
मोबाइल लांब धरून काका खूप वेळ बघत राहिले.
मला वाटलं, हरखले.
म्हणाले, "पाण्याची टाकी खंय आसा?"

काल पहाटे प्रिंट निघाला, जोड-टॉवर, चाळीस मजली.
नळी जरा जास्त तापली असणार,
प्लास्टिकने तार सोडली होती,
एकतारी पाकाची सुटते तशी,
या टॉवरच्या बाल्कनीतून त्या टॉवरच्या बाल्कनीत.
मोजले मजले. सतरा नाही, एकवीस.
म्हटलं, काका, हा दोष आहे, सेटिंगचा.
ब्लेड घेतलं.
काका काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला, खण उघडला,
पतंगाचा कागद माझ्यापुढे सरकवला.
त्यांचा हात आता कापतो, हे मला
तेव्हा दिसलं.

पायजमा जमला. टॉवेल जमला.
परकर अंमळ मोठा झाला,
एकास दीडशे असेल.
काढायला गेले तर म्हणाले,
"रवांदे."

माणूस अकराला येतो.