साठाला एक

आप्पांनी चाळीस वर्षं हळकुंडं मोडली.
सांगलीच्या यार्डात, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
एक काढायचं, कट्‌कन मोडायचं,
आतला रंग बघून भाव सांगायचा.
सांगायचा म्हणजे तोंड मिटून,
रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून.

घोडा असा मोडून बघता येत नाही,
म्हणून रविवारी ते पुण्याला जायचे.

पहाटेची एसटी, डब्यात भाकरी आणि खर्डा,
रेसचं पुस्तक सदऱ्याच्या आत, पोटाशी.
फेव्हरिटवर त्यांनी कधी रुपया लावला नाही.
"समद्यांस्नी ठावं हाय त्यो जिंकणार,
मग त्यात आपलं काय?"
त्यांचा घोडा यादीत खालून पहिला.
चाळीसला एक, साठाला एक,
मागच्या सहा रेसमध्ये शेवटून दुसरा,
जॉकी नवखा, पायाला पट्टी.
भूपाल मगदूम हळदीत पारखी, यार्डात म्हणायचे,
घोड्यांत ठार आंधळा.

मला एकदा नेलं होतं, अकरा वर्षांची असताना.
पॅडॉकच्या कठड्याला टेकून ते जसे बघत होते
तसं पोत्यांकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.
एक तांबूस घोडी चालता चालता थांबली
आणि समोरच्या झाडाकडे बघत राहिली.
मोतद्दार ओढतोय, ती आपली बघतेय.
"ही," आप्पा म्हणाले.
अकरा घोड्यांत ती नववी आली.
परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत
ते तिच्याबद्दलच बोलत होते.

आता एक डोळा गेला, दुसऱ्यात धुकं, वर साखर.
मी त्याच यार्डात बिलं लिहिते, भाव स्क्रीनवर येतो.
रविवारी मोबाइलवरून नावं वाचते, खालून वर.
ते उशीखालून पन्नासची नोट काढतात.
"विन. प्लेस नको."
नोट मी घेते, लावत कुठेच नाही.
कुठं लावणार? आणि हरणारच की घोडा.
त्या पन्नासाचं दूध येतं, कोथिंबीर येते,
कधी त्यांच्याच गोळ्या.
संध्याकाळी सांगते, "आप्पा, गेला."
"कितवा?"
"सातवा."
"बरा पळाला म्हणायचा."
अशी तीन वर्षं.

फेब्रुवारीत मुंबईची डर्बी.
सोळा घोडे. सोळावं नाव लास्ट लँटर्न.
मी कणीक मळत होते, मोबाइल डब्याला टेकवलेला.
शेवटच्या वळणावर पुढचे दोघे एकमेकांशीच झुंजत राहिले
आणि कुंपणाच्या कडेनं, जिथं कॅमेरासुद्धा नव्हता,
काहीतरी काळं आलं.
समालोचकाला नाव सापडेना, दोनदा भलतंच घेतलं.

आतून आवाज: "कितवा?"

बारावा, म्हणता आलं असतं.
जीभ वळलीसुद्धा होती.

"पहिला," मी म्हणाले.
पलंग करकरला. मग बराच वेळ काहीच नाही.

साठ गुणिले पन्नास, वर आपले पन्नास.
पिठाच्या बोटांनी मी ओट्यावर हिशेब मांडला
तेव्हा लक्षात आलं, एवढी वर्षं
त्यांचा बुकी मीच होते,
आणि बुकीला एक दिवस द्यावे लागतात.

सोमवारी दिवाणजींकडून उचल घेतली,
संध्याकाळी आप्पांच्या हातात ठेवली.
त्यांनी मोजली नाही. नाकाशी नेली.
"रेसच्या पैशाला," ते म्हणाले,
"हळदीचा वास कसा काय गं?"

मी गप्प.
त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला
आणि खाली माझं एक बोट धरलं,
मग दोन, मग तळव्यावर एक रेघ.
मला ती भाषा येत नाही.
मी यार्डात आले तेव्हा रुमाल गेले होते.
"किती म्हणालात?"

"विन," ते म्हणाले.
"प्लेस नको."