चौकात जीव आणण्याबाबत

कागदावर विषय असाच लिहिला होता.
खाली शिक्का, मग रक्कम, सहा हजार डॉलर,
मुदत आठ आठवडे.
थंडर बेच्या त्या सिमेंटच्या चौकात
तेवीस वर्षं मी झाडू मारतोय.
जीव नेमका कधी गेला,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

ओडेट गॅलांट हॅलिफॅक्सहून आली,
एक सुटकेस आणि घडीची खुर्ची घेऊन.
समितीला वाटलं, आता येतील
लाकडी पायांवर चालणारे, रंगीत दिवे,
गेलाबाजार एखादा ढोल.
ही आपली पहिला आठवडाभर
कोरड्या कारंज्याच्या काठावर बसून.
शेवटी मला विचारलं ते एवढंच:
"इथे लोक लघवीला कुठे जातात?"

मी उत्तरेकडे बोट दाखवलं.
बसथांब्यामागे विटांची खोली,
दाराला कुलूप, अकरा हिवाळे खाल्लेलं.
किल्ली माझ्याच जुडग्यात होती.
उघडायचा हुकूम नव्हता.

समितीने नाक मुरडलं. यात कला कुठे?
ओडेट म्हणाली, "आतली कडी तुटलीय.
आधी ती बसवू, मग बोलू."
कडी, नळ, आरसा, गरम पाणी,
पाच हजार सातशे तिथेच जिरले.
उरलेल्यातून तिने आणला
पोतंभर निळा खडू.

कागदी घोडे महिनाभर नाचत होते, तोवर
कुणी बाकावरून उठलं, घरी निघालं,
की ती म्हणायची, जरा थांबता?
आणि फरशीवर पडलेल्या त्या माणसाच्या सावलीभोवती
रेघ ओढायची. आत नाव, आणि वाजले किती.

जूनच्या सावल्या बुटक्या.
तोइवो हाल्मे, एक वाजून दहा.
(गुडघे ठीक आहेत, म्हणायचा,
संपावर आहे ते दुसरंच खातं.)
फर्दोसा, जुळ्यांना ओढत, बारा पन्नास.
बर्निस मीकिस, मण्यांचं काम अर्धं गुंडाळून, दोन.
चौकभर निळे ठिपके,
जणू सगळे एकाच घाईत वितळले.

जुलैच्या मध्यावर कुलूप निघालं.
तेल पाजून, शिव्या घालून, मीच काढलं.
दोन दिवस कुणाचा विश्वास बसेना.
तिसऱ्या दिवशी तोइवो आत गेला,
बाहेर आला, आणि पुन्हा बाकावर बसला.

तोइवो, चार वीस.
तोइवो, सात, बर्निसकडून पत्त्यांत हरून.
तोइवो, सात चाळीस, पुन्हा हरून.
जुळी एकमेकांना सोडेनात, म्हणून त्यांची
एकच सावली, चार पायांची, दोन डोक्यांची;
ती त्यांनी आईलाही पुसू दिली नाही.
बर्निस, पावणेनऊ:
तिचं डोकं ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून
दारापर्यंत गेलं होतं.

मी म्हटलं, ऑगस्ट लागलाय बाई,
सूर्य तसाही लवकर कलतो.
"ते वजा केलंय," ती म्हणाली
आणि वही पुढे केली.
आकडे मला कळले नाहीत,
पण खाडाखोड प्रामाणिक होती.

अहवालात एक रकाना होता, प्रेक्षकसंख्या.
तिथे तिने लिहिलं, साडेअकरा मीटर.
वरून विचारणा आली. तोवर ती गेली होती,
खुर्ची मला ठेवून.

सप्टेंबरात एका रात्री पावसाने
सगळी नावं गटारात नेली.
सकाळी पाणी निळं होतं, एवढंच.
मी ते ढकललं नाही, आपसूक जाऊ दिलं.
दहा वाजता तोइवो आला, पत्ते पिसत.

परवा पत्र आलं, हिवाळ्यासाठी
उत्तरेकडची खोली बंद करण्याबाबत.
मी उत्तर धाडलंय, रीतसर, तारीख घालून:
किल्ली सापडत नाही.
शोध चालू आहे.