पायऱ्यांचा हिशेब

कच्ची वही निळी, पक्की लाल.
लाल वहीत जायचं तर दोन पुरावे लागतात,
तिसरे माझे स्वतःचे पाय.
ऐकीव गोष्टीचा मुक्काम निळ्यात.
नागपुरात प्रत्येक पानठेल्यासमोर
कुणीतरी हीरो सिगारेट ओढून गेलेला असतो,
आणि फुटाळ्याच्या काठावर, लोकांचं ऐकाल
तर शूटिंगशिवाय एक संध्याकाळ झालेली नाही.

‘वाटतं’ हा शब्द मी खोडतो.
‘बहुधा’ असेल तर शिसपेन्सिल.
सावली किती वाजता कुठे पडते,
मागची पाण्याची टाकी, विजेच्या खांबाचा कल,
सगळं उभं राहून बघतो.
सिनेमावाले गड्डीगोदामच्या दारातून आत शिरतात
आणि हैदराबादच्या अंगणात निघतात;
मला दोन्ही दारं वेगळी लिहावी लागतात.

पाचपावलीच्या शेवंताबाई नंदेश्वर
दोन वर्षं फोन करत होत्या.
‘भाऊ, ते घर आमचंच होय. काहून लिहून नाही राहिले?’
चार सेकंदांचं दृश्य. पहाट. भिंतीत दिवळी.
एक माणूस बादली घेऊन पायऱ्या उतरतो,
चेहरा दाराच्या अंधारात.
पायऱ्या चार. चित्र थांबवून मोजल्या,
तीनदा.
शेवंताबाईंच्या दाराला पायरी एक. तीही अर्धी.
निळ्या वहीत लिहिलं: जुळत नाही.
अक्षर छान आलं होतं.

यंदा मे महिन्यात दुसऱ्याच कामानं तिकडे गेलो,
त्यांनी हाक मारून कूलरसमोर बसवलं,
माठातलं पाणी दिलं
आणि मग सब्बल आणून हातात ठेवली.
‘घर तिथंच हाय बाप्पा, रस्ता वर आला.
आधी डांबर, मंग डांबरावर डांबर, मंग सिमेंट.
आता पाणी पडलं का रस्ता घरात येते.’
नालीवरची फरशी उचलली. पोटावर झोपून
हात घातला आत:
झिजलेली गोल कड दगडाची.
तिच्याखाली अजून एक.
चौथीपर्यंत हात पोचला नाही.

दिसणारी एक, चाचपलेल्या दोन,
आणि एक नुसती असणार.
नियम काय म्हणतो?
नियम मीच केलेला, त्यामुळे तो गप्प.
चार दिवस लाल वही उघडलीच नाही.

मग जुनी ओळ खोडली, वाचता येईल अशी,
एकच रेघ, बाजूला तारीख, पुढे ‘चूक माझी’.
खाली नवी:
पाचपावली. पायऱ्या रस्त्याखाली. तीन तपासल्या, चौथी नाही.
घर क्रमांक लिहिला नाही.
राहत्या घराचा पत्ता आपण देत नाही,
उद्या पोरं येतील फोटो काढायला,
भर दुपारी बेल वाजवतील.
शेवंताबाई चिडल्या.
‘वाजवू द्या ना! किती दिवस झाले वाजून.’

राहिला बादलीवाला.
‘हे आमचे. मुखरू.’
चेहरा दिसत नाही, म्हटलं.
‘चेहरा कायले पाहिजे? खांदा पाहा.
डावा खाली हाय का नाही?
मिलमधी गाठी उचलू उचलू तसाच राहिला.’
साक्षीदार एक, तोही घरचा.
आमच्यात अशा वेळी ‘अनोळखी इसम’ लिहितात.
पेन टेकवला. शाईचा एक ठिपका पसरला,
तो तेवढाच आहे अजून त्या रकान्यात.

आणि बादली धरलेला खांदा
कुणाचाही खाली जातो, हेही त्यांना सांगून आलो होतो,
जिना उतरता उतरता, शहाण्यासारखं.

आज रात्री वीज आल्यावर
चित्र पुन्हा थांबवलं.
बादली भरलेली आहे, काठावर पाणी हिंदकळतंय.
बादली उजव्या हातात आहे.
खाली गेलेला खांदा डावा.

शिसपेन्सिल इथेच कुठेतरी होती.